योर्डिसच्या पाठीवरचा डाग

चिंध्यांच्या सतरंज्या धुवायच्या त्या जुलैमध्ये, तळ्याकाठच्या लाकडी धक्क्यावर, गुडघे टेकून. भिजलेली सतरंजी उचलताना बायकांची कंबर मोडायची. शेवटची सतरंजी कठड्यावर वाळत पडली की अंगावरचं सगळं काढून बायका सरळ पाण्यात उतरत. उत्तर स्वीडनमधल्या नोर्सेले गावात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. त्या दिवशी पुरुषांनी तळ्याच्या त्या अंगाला फिरकायचं नाही, हा नेमही तितकाच जुना. त्यात कुणाला कधी पाप दिसलं नव्हतं.

योर्डिस त्या बायकांत सगळ्यात चांगली पोहणारी. वय बावीस. आठवडाभर किराणा दुकानात उभी असायची आणि रविवारी प्रार्थनागृहातल्या बायकांच्या गिटारमेळ्यात गायची. मेळ्यातला पहिला आवाज तिचा. ‘ही मुलगी सहा दिवस नुसती रविवारची वाट बघते,’ असं तिची आई म्हणायची, आणि ते खरं होतं.

एकावन्न सालच्या उन्हाळ्यात स्टॉकहोमहून सिनेमावाले आले. गोष्ट साधीच होती, सुट्टीतल्या प्रेमाची. त्यात नायिका तळ्यात उघडीच पोहते असा एक प्रसंग. नायिकेने पाण्यात पायाचा अंगठा बुडवला आणि सरळ मागे फिरली.

“हे पाणी आहे का बर्फ?” ती म्हणाली.

धक्क्यावर एकटीच घरची सतरंजी घासत असलेल्या योर्डिसला हसू आवरेना. ते हसू महागात पडलं.

“तू जाशील आत?” दिग्दर्शकाने विचारलं. “लांबून घेणार, पाठमोरी. चेहरा दिसणार नाही. रोज पोहतेस तशी पोह, बाकी काही नाही.”

रोज पोहते तशी पोहायचं, यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? अडचण एकच निघाली. योर्डिसच्या डाव्या खांद्याखाली जन्मापासूनचा तांबडा डाग होता आणि नायिकेची पाठ होती स्वच्छ. रंगभूषा करणाऱ्या बाईने कसलासा लेप थापून तो डाग पार नाहीसा केला. पाण्यात लेप सुटायचा, की बाई चरफडत पुन्हा थापायची. मग योर्डिस पोहली, अंग पुसलं, आणि उरलेल्या सतरंज्या धुवायला बसली.

सिनेमा लागला आणि वर्तमानपत्रांत रण माजलं. एकाने लिहिलं की देशाची अब्रू तळ्यात बुडाली, दुसऱ्याने लिहिलं की आपला उन्हाळा अखेर पडद्यावर आला. नोर्सेलेच्या प्रार्थनागृहाच्या लेखी सिनेमाला जाणं हेच मुळात पाप. त्यामुळे तो कुणीही पाहिलेला नव्हता आणि मत मात्र प्रत्येकाला होतं.

ऑक्टोबरात मंडळीची, म्हणजे प्रार्थनागृहाच्या सगळ्या सभासदांची, सभा बसली. पास्टर सुंडेलिन स्वभावाने मवाळ.

“चेहरा दिसत नाही, नाव कुठे नाही,” ते म्हणाले. “भगिनी योर्डिसने पुन्हा असं करणार नाही म्हणावं आणि विषय संपवावा.”

तेवढ्यात हेल्मेर उठला. मंडळीतला वडीलधारा, लाकूड गिरणीचा मुकादम, प्रार्थना करताना सगळ्यात मोठा आवाज ह्याचा.

“चेहऱ्याचं काय घेऊन बसलात, पास्टर? तो डाग आहे ना. डाव्या खांद्याखाली, रानातल्या स्ट्रॉबेरीएवढा. अख्खा देश ओळखेल की ही आपल्या मेळ्यातली पोरगी आहे.”

योर्डिसने मांडीवरची गिटार बाजूला ठेवली.

“तुम्ही सिनेमा पाहिलात, बंधू हेल्मेर?”

“माझे पाय असल्या ठिकाणी वळत नाहीत. शिवणयंत्रं विकणारा तो माणूस आला होता, त्याने पाहिला. त्यानेच सांगितलं.”

“त्याला डाग दिसणारच नाही. तो लिंपून टाकला होता. मग तुम्हाला कसा ठाऊक? माझी पाठ बायकांनी पाहिली आहे, सतरंज्या धुतो तेव्हा. त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?”

धक्क्याच्या समोरच होड्यांची शेड होती आणि तिच्या फळ्यांत बोटभर फट होती, हे तिथे बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. हेल्मेरची बायको वाल्बोर्ग आपली बिनसाखरेची कॉफी चमच्याने ढवळत राहिली.

“घ्या,” हेल्मेर म्हणाला. “अंग दाखवलं ते दाखवलं, वर खोटं बोलते, आणि शिंतोडे माझ्यावर.”

“मग बघून या कुणीतरी,” योर्डिस म्हणाली. “सोलेफ्तिओच्या थिएटरपर्यंत बस जाते. पाऊण तास लागतो. पडद्यावर डाग दिसला तर मी आपण होऊन गिटार खाली ठेवीन.”

पास्टरांनी घाम पुसला.

“एक पाप तोलायला दुसऱ्याने पाप करायचं का, भगिनी?”

झालं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकून घेतल्या, आणि खरं काय ते बघायला जाणं तेवढं पाप ठरलं. हात वर झाले. वाल्बोर्गचा हात सगळ्यांच्या शेवटी, कोपरातून जेमतेम उचललेला. योर्डिसला मेळ्यातून काढलं, ते अंग दाखवल्याबद्दल नव्हे, मंडळीपुढे खोटं बोलल्याबद्दल. हेल्मेरने त्याच बैठकीत कॉफीबरोबर मांडलेली सातही जातींची बिस्किटं खाल्ली.

त्यानंतरची वर्षं ती गावातच राहिली. जायचं कशाला? ओंडके वाहणाऱ्या ट्यूरेशी लग्न केलं, शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली, दोन मुली वाढवल्या. मुलींना पोहायला शिकवलं, गायला नाही. रविवारी प्रार्थनागृहाच्या खिडक्या उघड्या असल्या की ती घरातला रेडिओ मोठा करायची. दुकानात पोरं तिच्यामागे कुजबुजत, आणि त्यांच्या आया ‘खोटारडी’ हा शब्द तिला ऐकू जाईल इतपतच हळू बोलत. हे कुणाच्या पोटच्या पोरीच्या वाट्याला येऊ नये.

मग काळ पालटला. देशाच्या पडद्यावर बिछाने आले, बिछान्यांत माणसं आली, आणि जुन्या सिनेमातलं ते पोहणं बालवाडीतलं वाटायला लागलं. बाहेरच्या देशांतले लोक स्वीडन म्हटलं की डोळे मिचकावू लागले. गावाला एकाएकी आठवलं की ह्याची सुरुवात आपल्या तळ्यात झाली. एकाहत्तर साली गावच्या वारसा मंडळाने शाळेच्या सभागृहात तो सिनेमा दाखवायचं ठरवलं. मंडळाचा अध्यक्ष हेल्मेर. तोच हेल्मेर. पांढरे केस, नवा टाय, आणि भाषणात म्हणाला, “नोर्सेले पहिल्यापासून मोकळ्या मनाचं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एक तरुण पत्रकार योर्डिसजवळ वही घेऊन आला.

“स्त्रीमुक्तीची पहिली डुबकी मारली तुम्ही. काय वाटत होतं तेव्हा?”

“उकडत होतं,” योर्डिस म्हणाली. “सतरंज्या धूत होते मी. तेव्हा मला पापीण केलंत, आता मुक्त करताय. मला विचारलंय कोणी कधी?”

पत्रकाराला ते कुठे लिहावं कळेना. दिवे मालवले.

तळं आलं. धक्का आला. पाण्यात शिरणारी एक पाठ आली, उन्हात भिजलेली, तरुण. कॅमेरा दिग्दर्शकाने सांगितलं होतं त्याहून बराच जवळ गेला होता. डावा खांदा पाण्यावर आला, पुन्हा आला. सभागृहातले निम्मे लोक त्या जुन्या सभेत हात वर करून बसलेले होते. पाठ दुधासारखी स्वच्छ होती.

अंधारात वाल्बोर्गचा आवाज आला. तिचा आवाज इतका मोठा आहे हे गावाला ठाऊक नव्हतं.

“बघ, हेल्मेर. डाग नाहीये.”

पडद्यावरची योर्डिस पोहत राहिली. कुणीतरी खाकरलं. पहिल्या रांगेत हेल्मेरने टाय सैल केला. मग म्हातारे पास्टर सुंडेलिन काठी टेकत रांगेतून वाट काढत आले आणि योर्डिसच्या खुर्चीशी वाकले.

“भगिनी,” ते म्हणाले, “आम्हाला काय माहीत.”

योर्डिसने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती पडद्यावरच्या स्वतःच्या पाठीकडेच बघत होती.

“बस जात होती की,” ती म्हणाली. “पाऊण तास.”