होसियतआपाचं कोरं पान

नुराताच्या बाजारात माझं बदामाचं दुकान, आणि त्याला लागून जमिनीवर अंथरलेलं होसियतआपाचं फडकं. त्यावर भरतकामाच्या पिशव्या, टोप्या. मागे दोरीवर तिची सुझनी. लेकीच्या लग्नात द्यायची रेशमी कशिद्याची मोठी चादर. लेक मोहिचेहरा जन्मली तेव्हा आपाने ती भरायला घेतली, नवरा गेला तेव्हाही सुई खाली ठेवली नाही. डाळिंबं झाली, वेली झाल्या. कोपऱ्यातलं एक पान मात्र कोरं ठेवलं. आमच्याकडे ते कोरंच ठेवतात. पान भरलं की काम संपलं, आणि लेकीचं नशीबही तिथेच थांबलं, असं म्हाताऱ्या सांगतात.

चादर विकायची नव्हती, गिऱ्हाईक थांबावं म्हणून टांगलेली. पर्यटक थांबायचेच. गावच्या पवित्र झऱ्यातले मासे बघून आले की गाव किती शांत म्हणून त्यांना भरून येतं. शांत नसेल तर काय असेल? कमावती माणसं सगळी परमुलखात. मोहिचेहराही इस्तंबूलला, कुणाच्या तरी म्हाताऱ्यांची उठबस करायला गेलेली.

"केवढ्याला देता?" ओताबेक दर वेळी विचारायचा. हा पर्यटकांना गावभर फिरवणारा. जिभेला हाड नाही.

"लेकीची आहे."

"लेक येईपर्यंत कसर खाईल, आपा!"

"तुझी जीभ खाल्ली नाही अजून, मग हिला काय होतंय?"

नवरोजच्या सणाआधी लेकीचा फोन आला. आपाला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा. सगळं मलाही ऐकू आलं. तिने तिकडे लग्न केलं होतं. गेल्या वर्षीच.

"आई, ती चादर पाठवू नको. घर लहान आहे, आणि ह्यांना असलं जुनाट आवडत नाही. विकून टाक."

मला तो फोन झऱ्यात भिरकावावासा वाटला. आपा एवढंच म्हणाली, "सुखी राहा, बाळा."

मग तिने सुईत हिरवं रेशीम ओवलं आणि भर बाजारात ते पान भरायला घेतलं. मी तिचा हात धरला.

"आपा, नको गं!"

"लग्न झालंय ना तिचं? ती येईल म्हणून कोरं ठेवलं होतं, आता कशाला ठेवू? विकते. कुणाच्या तरी नव्या संसारात अंथरली जाऊ दे. पेटीत कुजायला नाही भरली मी."

त्याच आठवड्यात ओताबेकने एक परदेशी बाई आणली. तिच्या लेकीचं लग्न होतं. चादर बघून बाई हरखली, रेशमावर गाल टेकवला. मग एकेक कोपरा तपासू लागली आणि ओताबेकशी काहीतरी कुजबुजली. तो ओशाळला.

"काय म्हणते?" आपाने विचारलं.

"म्हणते, खोटी आहे. खऱ्या सुझनीत एक पान कोरं असतं."

"तिला हे कुणी शिकवलं?" मी कडाडले.

"मीच. सगळ्यांनाच सांगतो. आवडतं त्यांना."

"मग आता खरं काय ते सांग की, मेल्या!"

त्याने सांगितलं. बाई हसली, मान डोलावली. विकणाऱ्यांकडे अशा गोष्टी असतातच, असं ते हसू. मग ती समोरच्या दुकानात गेली. तिथे कारखान्यात मशीनवर भरलेल्या चादरी मिळतात, प्रत्येकीत एक पान कोरं सोडलेलं. तिने त्यातलीच एक घेतली. माझ्या ओठांवर नुसत्या शिव्या आल्या.

ओताबेक परत आला. "आपा, एवढंसं तर पान. उसवून टाका. उद्या दुसरं गिऱ्हाईक आणतो."

आपाने चादर दोरीवरून काढली, घडी घातली.

"उसवीन रे," ती म्हणाली. "पण मग वाट कुणाची बघू?"