रिकामी गाडी

आमची जुनी गाडी टांझानियातल्या एका शिक्षकाने घेतली. व्हिडिओ कॉलवर त्याने एकेक ओरखडा नीट दाखवायला लावला. जहाजावर चढवून देणाऱ्या एजंटची मात्र एकच अट होती, "साहेब, गाडी एकदम रिकामी पाहिजे. रुमालसुद्धा नको. तसं लिहून सही द्यायची."

बंदराजवळच्या यार्डात सही करण्याआधी मी समोरचा कप्पा एकदा उघडून बघितला. आत कागदाची पुडी होती आणि पुडीत चिमूटभर साखर. हे काम बायकोचं, यात शंकाच नव्हती. शेजारणीचा डबा ती कधी तसाच परत करत नाही. काही नसलं तर साखरेचे चार दाणे तरी घालते. रिकामं भांडं कुणाच्या घरी पाठवू नये, असं तिची आई सांगायची. गाडीही तिच्या लेखी भांडंच ठरली. बारा वर्षं आम्हीच तर तिच्यात भरलेलो होतो.

दोन्ही नियम मला पटत होते. एजंट पेन घेऊन उभा होता. साखर जमिनीवर टाकवेना. मी ती तोंडात टाकली, पुडीचा कागद शर्टाच्या खिशात घातला आणि सही केली.

घरी बायकोने विचारलं, "रिकामी नाही ना गेली?"

"नाही," मी म्हणालो, आणि शर्ट धुवायला टाकला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा उघडला. पोळीशेजारी तीच पुडी होती, साखरेने भरलेली.