कोंडाजीचा मानाचा नारळ

कोंडाजीला प्रवरेकाठी पोचवून आलो आणि दोन-तीन दिवसांत स्टँडवरच्या हॉटेलात कुणीतरी पेपर पुढे सरकवला. आत कारखान्याच्या शोकसभेची बातमी. ‘आमच्या संघाचा आधारस्तंभ हरपला’ म्हणे! चहा तसाच टाकून उठलो. दीड महिना होत आला, राग अजून उतरत नाही. आमचा कोंडाजी एक दिवस तरी त्यांच्या मैदानावर खेळला होता का?

कोल्हारचा कबड्डी संघ त्यानं उभा केला. नदीकाठच्या पडीक तुकड्यातल्या बाभळी तोडून आम्ही मैदान केलं. तो डावा कोपरा सांभाळायचा. चढाईला आलेल्याचा घोटा त्याच्या हातात आला की भल्याभल्यांचा दम तिथंच सुटायचा. एकदा सोनईच्या गड्यानं टाच हाणून त्याचे पुढचे दोन दात पाडले, तरी पठ्ठ्यानं पाय सोडला नाही. रक्त थुंकत मला म्हणाला, “म्हातारपनी पडनारच हुते की.” आमच्यात एक रीत होती... सामन्यांआधी मैदानात नारळ फोडायचा मान जुन्या खेळाडूचा. सरपंच असो की आमदार, त्यानं बसून टाळ्या वाजवायच्या. कोंडाजी खेळायचा थांबला, तेव्हा गावानं तो मान त्याला दिला.

मग दुष्काळ पडला. कारखान्यानं पोरांना नोकऱ्या दिल्या आणि सगळा संघच आपल्या वसाहतीत नेला. पोरांना काय बोलायचं? घरात चूल पेटायला हवी होती. पण आम्ही जिंकलेल्या ढालीही गेल्या, संघाचं नाव बदललं, आणि भिंतीवर फोटो लागले ते फक्त नव्या मैदानावर खेळलेल्यांचे. पहिल्या सामन्यांना मात्र कोंडाजीला आवतण आलं, मानाचा नारळ तुमच्याच हातानं म्हणून. त्यानं नवी टोपी घेतली. आम्ही एसटीनं गेलो. आणि नारळ फोडला कुणी? चेअरमनच्या मेव्हण्यानं! ज्यानं जन्मात कधी लंगोट कसला नाही, त्यानं! कोंडाजी मांडवाबाहेर उन्हात उभा. मी भांडायला निघालो, तर त्यानं माझं मनगट धरलं. “गप ऱ्हा. आपली पोरं खेळत्यात.” शेवटपर्यंत त्यानं सामना पाहिला. परत येताना एसटीत एवढंच म्हणाला, “बोलावलं कशाला मग?” त्यानंतर तो कुठल्याच सामन्याला गेला नाही.

परवा कारखान्याचे साहेब जीप घेऊन त्याच्या दारात आले. सभागृहात लावायला कोंडाजीचा फोटो हवा होता. मी ओसरीवरच बसलो होतो. कोंडाजीच्या बायकोनं, गजरावहिनींनी विचारलं, “खाली काय लिवनार?”

“आमच्या संघाचे पहिले कर्णधार.”

“आन् कोल्हार?”

साहेब चुळबुळले. “बाई, तिथं सगळ्यांच्या खाली कारखान्याचंच नाव आहे.”

वहिनींनी भिंतीवरचा फोटो काढला. मला वाटलं, देतात की काय! त्यांनी पदरानं काच पुसली आणि फोटो पुन्हा खिळ्याला अडकवला.

“जित्तेपनी मानसाला उनात हुबा केला, आता सावलीत कशाला नेता? ज्याला हात जोडायचं त्यानं हितं यावं.”

साहेब जीपमध्ये जाऊन बसले. जीपचा ड्रायव्हर आमच्याच संघातला, नोकरीपायी गेलेला. तो मात्र चपला काढून आत आला आणि हात जोडून फोटोसमोर उभा राहिला. बाहेर साहेब हॉर्न वाजवत होते. तो हलला नाही.