कुंभारणीचं घर आणि दुसरा परीक्षक

माझी थोरली बहीण कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिने आयुष्यात एकच शोध लावला, आणि तोही माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. मातीचं घरटं बांधणारी कुंभारीण माशी स्वतःचंच रिकामं झालेलं घरटं डागडुजी करून पुन्हा वापरते, हे तिने पाहिलं. या विषयातल्या एका मोठ्या तज्ज्ञाच्या पुस्तकात लिहिलंय की असं कधीच होत नाही. तेव्हापासून त्या खिडकीला फडकं लावायची मला बंदी आहे.

ताईने शोधनिबंध लिहून जर्नलला पाठवला. तिथे संपादक एकटा निकाल देत नाही. लेखकाचं नाव झाकून निबंध त्या विषयातल्या दोन जाणकारांकडे तपासायला जातो, आणि त्या परीक्षकांची नावंही लेखकाला कळत नाहीत. पहिल्याने कौतुक केलं. दुसऱ्याने पार चिरफाड केली. परतलेली माशी तीच कशावरून? दुसरीच घुसली असेल. निबंध नाकारावा.

"हा तोच पुस्तकवाला," मी म्हणाले. "सरळ तक्रार कर."

"असेलही. पण प्रश्न रास्त आहे गं त्याचा."

अशी ती बोलली की माझं डोकं फिरतं. निवृत्ती तोंडावर आलेली. निबंध परत आला असता तर तिच्याबरोबर तिचा शोधही घरी बसला असता. आणि बाईसाहेबांनी संपादकाला काय कळवावं? काय दाखवलं म्हणजे परीक्षकांना पटेल, ते त्यांनीच सांगावं. म्हणजे हरवायला बसलेल्यालाच पेपर काढायला दिला. मी कपाळावर हात मारला.

उत्तर आलं: प्रत्येक माशीवर रंगाची खूण करा आणि मग बघा.

पुढचा अख्खा हंगाम ताई माझ्या नेलपॉलिशने माश्यांना ठिपके देत बसली. डंख खाल्ले, हात सुजवून घेतला. शेवटी लाल ठिपक्याची माशी स्वतःच्याच जुन्या घरट्याला ओली माती लिंपताना व्हिडिओत सापडली. सुधारलेला निबंध पुन्हा त्याच परीक्षकाकडे गेला. इकडे मी त्याच्या नावाने बोटं मोडत होते.

त्याचा अभिप्राय ताईने ओट्याशी उभं राहून मोठ्याने वाचला. "हे माझ्या पुस्तकाच्या विरुद्ध जातं. माझं पुस्तक चुकलं. निबंध छापा."

नाव लपवायची पूर्ण सोय असताना माणसाने स्वतःची ओळख दिली होती. ताई हसता हसता रडायला लागली.

"जिंकलीस गं," मी म्हणाले.

"परत वाचू?"

संध्याकाळपर्यंत तिने ते शेजारच्या काकूंना, दूधवाल्याला आणि फोनवर सगळ्या नातेवाइकांना वाचून दाखवलं. मी प्रत्येक वेळी हातातलं काम टाकून ऐकायला गेले.