जड स्टिअरिंगचा खटला

गॅरेजमध्ये सगळे त्याला न्यायाधीश म्हणत आणि ते आपले भूषण आहे असे त्याला प्रामाणिकपणे वाटे. तो गाड्यांच्या विजेचा कारागीर. पदविका पहिल्या श्रेणीत मिळवूनही आयुष्य परक्यांच्या वायरी सोलण्यात गेले, ही जगाविरुद्धची त्याची कायमची तक्रार. वायर बनवणारे चोर, गाडी चालवणारे अडाणी, शेजारचा पत्रे ठोकणारा बहिरा. बॉनेट उघडण्यापूर्वीच तो दोषी कोण हे जाहीर करी. निकाल चुकलाच, तर तो पुराव्याचा दोष.

ताईच्या गाडीने मात्र त्याची अब्रू वेशीला टांगली. या थोरल्या बहिणीच्या खांद्याचे ऑपरेशन झालेले. स्टिअरिंगला विजेच्या मोटारीचा हातभार लागला, तरच तिला गाडी वळवता येई. तो हातभार अधूनमधून नाहीसा होई; समोर पिवळा दिवा लागे आणि चाक हट्टी बैलासारखे अडून बसे. ‘बॅटरी म्हातारी झाली’ असा निकाल देऊन न्यायाधीशाने नवी बसवली. काही दिवसांत ताई पुन्हा दारात. मग त्याने स्वतः गाडी फिरवून पाहिली आणि आरोपीला निर्दोष सोडले.

“गाडी ठणठणीत आहे, ताई. तुझ्या हातात जोर नाही.”

“जोर नाही म्हणूनच तर ही गाडी घेतली ना रे बाबा.”

आज ती आली ती वेगळ्याच सुरात. “तुझे भावोजी संध्याकाळी गिऱ्हाईक आणतायत. म्हणतात, भर चौकात अडकलीस तर काय करशील? गाडी गेली की मी घरातलं कपाट. कुणी हलवेल तेव्हा हलायचं.”

न्यायाधीशाच्या काळजाला ते लागले. आपला निकाल बाजारात विकला जाणार, हे त्याहून थोडे अधिक लागले. त्याने पुन्हा शास्त्रशुद्ध तपासणी मांडली. दिवे बंद, पंखा बंद, रेडिओ बंद. एका वेळी एकच संशयित, हे त्याचे तत्त्व. चाक नव्या जावयाच्या सौजन्याने दोन्हीकडे वळले.

“सरक,” ताई म्हणाली. “मी चालवते. आणि तोंड बंद ठेव.”

पहिली गोष्ट त्याला जमली. ताईने सीट पुढे ओढली, हेडलाइट लावले, पंखा पूर्ण सोडला, मागच्या काचेचा हीटर चालू केला.

“दिवसाढवळ्या दिवे कशाला?”

“मी अशीच चालवते. तू कधी विचारलंस?”

गल्लीच्या तोंडाशी, भिंतीलगतच्या अरुंद वळणावर तिने वेग कमी करून चाक फिरवले. पिवळा दिवा लागला. चाक अडले. न्यायाधीशाची नजर पिवळ्या दिव्यावरून हेडलाइटच्या बटणावर, तिथून पंख्यावर आणि हीटरवर गेली.

गॅरेजात परतल्यावर त्याने सगळे काही चालू ठेवूनच मल्टिमीटर लावला. बॅटरीपासून गाडीच्या पत्र्याला जाणाऱ्या अर्थिंगच्या जाड वायरीतच विजेचा दाब गळत होता. वरचे आवरण अखंड, आत तांब्याची हिरवी पूड. उरलेल्या चार तारांवर एकट्या स्टिअरिंगचे भागत होते; दिवे, पंखा आणि हीटर जोडीला आले की त्यांचा जीव मेटाकुटीला येई. सगळ्या साक्षीदारांना बाहेर काढून तो आरोपीलाच विचारत बसला होता, “काय रे, गुन्हा तू केलास का?” नवी बॅटरी लावताना हीच वायर त्याने फडक्याने पुसून, कौतुकाने परत आवळली होती.

त्याने नवी वायर घातली, पत्रा चकचकीत होईतो खरवडला, बोल्ट आवळला. सगळे चालू ठेवून ताईने चाक फिरवले, तेही दुखऱ्या खांद्याच्या हाताने.

ऊन उतरण्याआधीच भावोजी गिऱ्हाईक घेऊन हजर. “काय न्यायाधीश, दोष गाडीत होता की हिच्यात?”

“अहो, हे वायर बनवणारे...” त्याने घसा साफ केला. ताई त्याच्याकडे नुसती पाहत होती. “चौकशी करणाऱ्यात,” तो म्हणाला, आणि पाना उगाचच पुसू लागला.

ताईने किल्ली मुठीत घेतली आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, “गाडी विकायची नाही. पण तुम्ही आलाच आहात, तर बसा, घरी सोडते.”

भावोजी आणि गिऱ्हाईक मागे बसले, न्यायाधीश पुढे. लख्ख उन्हात हेडलाइट लागले, पंखा गरजू लागला. या उधळपट्टीबद्दल त्याला बरेच काही सांगायचे होते. गल्लीच्या तोंडाशी ते वळण आले. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि पिवळ्या दिव्याच्या जागेकडे पाहत राहिला. ताईने एका हाताने गाडी वळवली.