कारखानीस मॅडम आणि काळा दात

कारखानीस मॅडम पेशंटला "आ करा" असं कधीच म्हणत नसत. राजधानीतल्या द्वारका भागात त्यांचा दातांचा छोटा दवाखाना होता. तिथे लहान मूल आलं, की त्या त्याच्या हातात आरसा देत आणि स्वतः हात मांडीवर ठेवून बसून राहत. मूल आपणहून तोंड उघडेपर्यंत बाहेर कितीही माणसं खोळंबोत. मी नवीनच पदवी घेऊन त्यांच्या हाताखाली लागले होते, मला ते सहन व्हायचं नाही. त्या म्हणत, "तोंड त्याचं आहे. आपण पाहुणे. बेल वाजवायची आणि दारात थांबायचं."

ड्रिलला हात घालायची घाई त्यांना खपत नसे. दात हवेने वाळवला की कधीकधी त्यावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो. ती किडीची सुरुवात. तिथे त्या फ्लोराइडचा लेप लावत, खाण्यापिण्याबद्दल आईवडिलांना फैलावर घेत आणि काही महिन्यांनी पुन्हा बोलावत. एकदा मी ड्रिल उचललं, तेव्हा त्या कडाडल्या, "भिंतीला ओल आली म्हणून भिंत पाडतेस का तू?"

इरा त्यांच्याकडे आली तेव्हा चार वर्षांची होती. वडील केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरीला, आई मृणाल शाळेत शिक्षिका. इराच्या वरच्या पुढच्या दाताला कीड लागून खड्डा पडला होता. मॅडमनी चांदीचं औषध लावायचं ठरवलं. ना इंजेक्शन, ना ड्रिल. औषधाचा थेंब लावला की कीड तिथल्या तिथे थांबते, दात टणक होतो, पण किडलेला भाग काळा पडतो. मॅडमनी हे मृणालला दोनदा समजावलं. "अच्छा, दुधाचाच दात आहे ना, चालेल," ती म्हणाली. इराने स्वतः तोंड उघडलं, औषध लावून घेतलं आणि उड्या मारत घरी गेली.

मग संक्रांत आली. तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये इराचं बोरन्हाण होतं. काळं परकर-पोलकं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे ओतले जात होते, आणि पोरगी खदखदून हसत होती. तेवढ्यात एक काकू ओरडल्या, "अगं मृणाल, पोरीचा दात सडलाय की! काही कर ना यार!" बायका वाकून वाकून बघू लागल्या. कोणी फोटो पुसून टाकायला सांगितलं. मृणालने एका शब्दाने सांगितलं नाही की हे औषध आहे, दात बरा झालाय. मॅडम तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "संक्रांतीला डोक्यापासून पायापर्यंत काळं नेसता हौसेने, आणि पोरीचा एक काळा दात खुपतो तुम्हाला?" काकूंनी तोंड फिरवलं. इराने मात्र ओठ मिटून घेतले ते मिटलेच.

आठवड्याभरात मृणाल तिला गुरुग्रामच्या एका चकचकीत दवाखान्यात घेऊन गेली. तिथे पोरीला चादरीत गुंडाळून, हातपाय धरून तो बरा झालेला दात कोरला आणि त्यावर पांढरी टोपी बसवली. का? तर फोटोत बरा दिसावा म्हणून! पुढे हिरडी सुजली आणि दात काढावा लागला. मॅडमना हे नंतर कळलं. "दाताचं जाऊ दे," त्या म्हणाल्या. "ही पोर आता कुणाला तोंड उघडून देणार?"

मॅडमनी स्वतःहून निरोप धाडून इराला बोलावलं. ती आली की खुर्चीत बसायची, आरसा हातात घ्यायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. मॅडम तिच्याशी गप्पा मारत, कधीच काही मागत नसत. मग इराच्या वडिलांनी, "नुसतं बसवून ठेवतात, टाइम वेस्ट आहे," म्हणून येणंच बंद केलं. त्यानंतर थोड्याच काळात हृदयविकाराने मॅडम गेल्या.

इरा आता कॉलेजात जाते. मागच्या महिन्यात दुखणं असह्य झालं म्हणून माझ्याकडे आली. गालाबाहेरून काढलेल्या एक्स-रेत दिसलं, मागची पक्की दाढ, जी मॅडमनी बोटभर लेपाने सहज वाचवली असती, ती मुळापर्यंत किडलेली. इतक्या वर्षांत तिने एकाही डॉक्टरला आत बघू दिलं नव्हतं. मृणाल शेजारी उभी राहून म्हणाली, "तेव्हाचा तो काळा दात तर नंतर पडणारच होता, नाही का? तरी मॅडम उगीच किती चिडल्या होत्या!"

माझं डोकं भणाणलं. मी तिला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. खुर्चीत इरा डोळे मिटून, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड झाकून बसली होती.