साडूंच्या गावाचं पान

आमच्या साडूंइतका संशयी माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नाही. हे वाक्य त्यांनी वाचलं, तर ते आधी विचारतील, "जिल्हाभर फिरून पाह्यलं काय तुम्ही? पुरावा काय?" साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, राहणार घाटंजी. उभी हयात त्यांनी सरकारी खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवण्यात काढली. शेतकऱ्याची बैलबंडी समोर आली की वरच्या कापसाकडे ते बघायचेसुद्धा नाहीत. "वरचा माल सगळ्याईचाच चांगला असते," असं म्हणत कोपरापर्यंत हात मधोमध खुपसायचे आणि ओला, किडका, कचऱ्याचा जो काही सापडेल तो मूठभर काढून मालकाच्या नाकासमोर धरायचे. नोकरीतली ही खोड पुढे अंगात मुरली ती मुरलीच. वर्तमानपत्र ते मधल्या पानापासून वाचतात. कांदे घेताना पोत्याच्या बुडाशी हात घालतात, त्यामुळे घाटंजीच्या बाजारात हे लांबून दिसले तरी भाजीवाल्या पोत्यावर बसून घेतात. माझ्या पुतणीसाठी स्थळ बघायला आम्ही कळंबला गेलो, तर बैठकीत पोहे यायच्या आत हे पाणी मागायच्या निमित्तानं थेट मधल्या खोलीत! परत येऊन माझ्या कानाशी लागले, "समोर सोफा हाय, मधात काहीच नाही. प्रत दुसरी." त्यांची कुजबुज म्हणजे यजमानांनाही ऐकू जाणारी. स्थळ मोडलं. पुतणी आजतागायत त्यांच्याशी बोलत नाही.

मग कापसाचे ते वाईट दिवस आले. भाव पडले, सरकारी खरेदी आटली, केंद्राला कुलूप लागलं आणि साडू वेळेआधीच घरी बसले. तपासायला हाताशी काही उरलं नाही, म्हणून त्यांनी बायकोचा, म्हणजे माझ्या मेव्हणीचा, स्वयंपाक तपासायला घेतला. ती माझ्या बायकोपाशी येऊन रडली, "या माणसाले कायतरी काम लावा वं, नाहीतर मीच माहेरी जातो!" तेव्हा त्यांच्या मुलानं पुण्याहून आपला जुना कॉम्प्युटर पाठवला, आणि साडूंना इंटरनेटवरचा तो ज्ञानकोश सापडला, जो कोणीही लिहावा, कोणीही दुरुस्त करावा आणि पगार मात्र कोणालाच मिळू नये. हजारो लेख, आणि एकेका लेखाची प्रत ठरवायची सोय! खुरटा, बरा, चांगला, उत्तम. साडूंना स्वर्ग दोन बोटं उरला. लेखही ते मधल्या परिच्छेदापासूनच वाचत, आणि 'प्रसिद्ध' असा शब्द दिसला की खवळत, "प्रसिद्ध म्हंजे कोणाले? शेजाऱ्याले?" मी मोठ्या हौसेनं कळंबच्या चिंतामणी गणपतीवर लेख लिहिला, तर त्याला यांनी 'खुरटा' ठरवलं. म्हटलं, "अहो, साडू आहे मी तुमचा!" तर म्हणतात कसे, "म्हणूनच तर संशय आला."

पण त्यांचा खरा जीव होता पुनर्निर्देशनांत. पुनर्निर्देशन म्हणजे ज्या नावाला स्वतःचा लेख नाही अशी नुसती पाटी. तिच्यावर गेलं की ती तुम्हाला भलत्याच लेखात नेऊन सोडते, 'दुकान पलीकडच्या गल्लीत हलवले आहे' म्हणणाऱ्या पाटीसारखी. अशा पाट्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही. साडू त्यांचे वर्ग लावत बसत. ही जुन्या नावावरून आली, ही टोपणनावावरून, ही नुसत्याच चुकीवरून. घरातही तेच. "तुमची बायको माहेरी बेबी, सासरी सुनंदा, रेशनकार्डावर शकुंतला. लेख एक, पाट्या दोन. मले तर हे प्रकरण पह्यल्यापासूनच बरोबर वाटत नाही." त्या दिवशी बायकोनं त्यांना चहा विचारला नाही. आणि एखादा लहानसा, बिनपुराव्याचा लेख दिसला की तो उडवून त्याची पाटी करण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

एका सकाळी त्यांचा फोन आला. "येता का जरा? गाव गेलं."

मला वाटलं, आग लागली की पूर आला! धावतपळत बस पकडून घाटंजी गाठली. साडू कॉम्प्युटरसमोर तोंड पाडून बसलेले. घाटंजीपासून आत त्यांचं जन्मगाव आहे. नाव लिहीत नाही, न विचारता लिहिलेलं त्यांना खपत नाही. त्यांनी ते नाव टाकलं आणि पडद्यावर वेगळंच पान उघडलं, कापूस पट्ट्यातल्या आत्महत्यांचं. गावाचा दोन-चार ओळींचा लेख कोणीतरी उडवला होता आणि त्याची पाटी करून तिचं तोंड इकडं फिरवलं होतं. "गावाचं नाव घेतलं का थेट सरणावर," साडू म्हणाले. मग त्यांनी संशयितांची रांग लावली. मुंबईचा कोणी असन. नाहीतर भावकीतला. मग माझ्याकडे रोखून बघत, "तुम्ही तर नाही?" शेवटी त्या करणाऱ्यानं लिहून ठेवलेलं कारण मीच मोठ्यानं वाचलं. या गावाबद्दल दुसरं काहीही कुठे छापून आलेलं नाही, सबब स्वतंत्र लेख नको. कारण बिनचूक होतं. ह्याच कारणानं त्यांनी स्वतः कितीतरी गावं उडवली होती.

"चाला, पुरावा आणू," म्हणून ते मला गावात घेऊन गेले. आम्हाला बघताच लोक पारावर ओळीनं येऊन बसले. पेपरवाले, कॅमेरेवाले, साहेबलोक येऊन येऊन गावाला सवय झाली होती. साडूंनी विचारावं, "जत्रा कधी भरते? हे देऊळ कोणं बांधलं?" आणि समोरच्यानं पाठ केल्यासारखं सांगावं, कोण गेला, कसा गेला, मागं कोण राह्यलं. एकानं तर विचारलं, "फोटो घरात काढता का इथंच?" साडू ओरडले, "अरे, मी इथलाच ना बे!" तरी लोक त्यांच्याकडे तिरप्या नजरेनंच बघत राहिले. मला पहिल्यांदाच त्या माणसाची दया आली. तेवढ्यात शेजारच्या बंजाऱ्यांच्या तांड्यातली एक म्हातारी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. ती यांना चांगली ओळखत होती.

"याडी, तू तरी सांग," साडू अजिजीनं म्हणाले. तांड्यात आईला याडी म्हणतात. "आपल्या गावात आणखीन काय होतं?"

"कापूस व्हता. दुधावानी. तूच तर दुसऱ्या नंबरात टाकला."

"मी मधात हात घालून पाह्यलतं."

"मधातबी तसाच व्हता, बाबा."

तो कापूस कधीच गाठी बांधून निघून गेला होता, आता कोण काय दाखवणार? म्हातारीनं आम्हाला घरी नेऊन काळा चहा पाजला.

परत येताना बसमध्ये मी म्हटलं, "अहो, लिहून टाका. मोठी जत्रा भरते म्हणा, देऊळ पुरातन म्हणा. संदर्भ मी जुळवून देतो, कोण बघतंय?" तर असे भडकले की कंडक्टर मागे वळला. "वर कापूस अन् खाली गोटे? अन् तेबी माह्या गावाच्या नावानं?" घरी येऊन त्यांनी लेख लिहिला नाही. ती पाटीही काढली नाही. नियमानं ती बरोबर होती. तिला फक्त एक वर्ग लावला. ज्ञानकोशात असाही वर्ग असतो हे मला ठाऊक नव्हतं. 'पुढेमागे स्वतःचा लेख होऊ शकेल अशी पुनर्निर्देशने.'

दुसऱ्याच दिवशी कोण्या अनोळखी संपादकानं त्या पाटीखाली विचारलं, हे कशावरून? अशा ठिकाणी पुस्तकाचं नाव द्यायचं असतं, पान द्यायचं असतं. साडूंनी एका बोटानं एकेक अक्षर शोधत लिहिलं, "मी तिथचा आहो."

असल्या उत्तराला तिथं कवडीची किंमत नसते, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार! मला धाकधूक होती की आता हेही खोडतात. पण त्या माणसानं पुढे काही विचारलं नाही. गावाचं नाव टाकलं की आजही तेच पान उघडतं. साडू मात्र रोज सकाळी, चहाच्याही आधी, एकदा नाव टाकून बघतात, रातोरात कोणी काही लिहिलं असेल म्हणून.